डबीतला दुसरा वास

४ फेब्रुवारी

घरात कुत्रा येणार असेल तर मी बाहेर, असं गेली वीस वर्षं ठणकावून सांगत आले. आज कुत्रा आला आणि दार मीच उघडलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे पाय त्यानेच आधी पुढे केला.

अंगाने पांढरट, कान लोंबते, दोन्ही डोळ्यांभोवती तपकिरी वर्तुळं. हिशेबात चूक सापडल्यासारखा चष्म्यातून बघतो. नवऱ्याने तिथल्या तिथे बारसं उरकलं: मुनीम. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि लिफ्टांशीही बोलतो, त्यामुळे कुत्र्याशी बोलायला त्याला काहीच वेळ लागला नाही.

मुनीम भुंगीसाठी आलाय. भुंगी म्हणजे आमची एकुलती एक लेक. पाळण्यात असल्यापासून गुणगुणायची म्हणून भुंगी. आता सतराची आहे, मैत्रिणींसमोर या नावाने हाक मारली तर दिवसभर तोंड फुगवून बसते. लहानपणापासून तिला मधुमेह आहे. इन्शुलिनच्या सुया, वजन करून खाणं, हे सगळं अंगवळणी पडलं. भीती आहे ती साखर एकदम खाली पडण्याची. इतरांना अशा वेळी घाम फुटतो, हात थरथरतात, निदान कळतं तरी. भुंगीला काही कळतच नाही. गेल्या महिन्यात रस्ता ओलांडताना ही मध्येच थांबली, दुभाजकावर बसली आणि चपलेचा पट्टा काढघाल करायला लागली. दोन्ही बाजूंनी गाड्या. एका टेम्पोवाल्याने उतरून तिला कडेला आणलं. दंडावर चिकटवायची ती साखर सांगणारी चकती तिला सोसत नाही, कातडी फोडांनी भरते.

आणि जुलैत हिला जायचंय. नकाशे बनवायचं शिक्षण, घरापासून दिवसभराच्या प्रवासावर, वसतिगृहात राहून. कुत्रा बरोबर असला तरी चालेल असं वसतिगृहाने कळवलंय. मी स्पष्ट सांगितलं, "मुनीम तयार झाला तर जा. नाही तर नाही."

"म्हणजे माझं पुढचं सगळं याच्या नाकावर?"

"हो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनातलं कुठेतरी उतरवत जा, सगळं पोरीवर ओतू नका. म्हणून ही वही. मी कधी पोरीवर काय ओतलंय?

११ फेब्रुवारी

मुनीमला शिकवायला मास्तर येतात. आयुष्यभर कुत्र्यांना शिकवलं, ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं शोधायला. कुत्र्यांशी लोण्यासारखं बोलतात, माणसांवर खेकसतात.

रीत सोपी आहे. भुंगीची साखर पडली की कापडाचा तुकडा तिच्या तळव्यावर, मानेवर दाबायचा, काचेच्या डबीत घालायचा, डबी बर्फाच्या कप्प्यात. साखर ठीक असतानाही तसेच तुकडे घ्यायचे. मग मुनीमने दोन्हींतला फरक ओळखायचा. साखर पडल्यावर माणसाच्या घामाचा वास बदलतो म्हणे. आपल्याला येत नाही, त्याला येतो.

कापड चिमट्याने धरायचं असं मास्तरांनी बजावलं होतं. परवा संध्याकाळी पोरगी बोलता बोलता शब्द विसरायला लागली. अशा वेळी चिमटा शोधत बसू की साखर देऊ? छातीत धडधड, पदराने कपाळ पुसत मी उघड्या हातानेच तिच्या तळव्यावर कापड दाबलं, वरून माझी मूठ, आणि घातलं डबीत. ठीक असतानाचे तुकडे रविवारी सकाळी चहा झाल्यावर निवांत घेतले. तेही हातानेच. एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा न्याय मला जमत नाही.

मास्तरांनी विचारलं, "दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही ना, ताई?"

"छे! दुसऱ्या कुणाचा कसा लागेल?"

बर्फाच्या कप्प्यात आता डब्याच डब्या. नवरा म्हणतो, मटारापेक्षा पोरगी जास्त आहे.

२६ फेब्रुवारी

आज मुनीमला बघून मला माझे नोकरीतले पहिले दिवस आठवले.

मी रंगाच्या कारखान्यात रंग जुळवते. गिऱ्हाईक नमुना पाठवतं, त्याच्याशी आमच्या रंगाचा घाणा तंतोतंत जुळतो की नाही हे माझ्या डोळ्याने ठरतं. पहिल्या दिवशी मुकादमाने पांढऱ्या रंगाच्या नऊ पट्ट्या समोर टाकल्या आणि म्हणाला, सांगा, कुठली वेगळी. मला नऊ सारख्याच पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. चुकले की तो काही बोलायचा नाही, पट्टी उचलून परत खाली टाकायचा. बरोबर आलं की "हं". त्या "हं"साठी मी सहा महिने जीव टाकला. आता मला पांढऱ्यात निळसर, पिवळसर, राखाडी सगळं दिसतं. इतकं की लोकांच्या घरी गेले की भिंती बघवत नाहीत.

मुनीमचंही तसंच. मास्तर जमिनीवर डब्या मांडतात. सुरुवातीला तो सगळ्याच डब्यांवर पंजा मारत सुटला, बिस्किटाच्या आशेने. ठीकवाल्या डबीवर मारला की मास्तर दगडासारखे गप्प. पडलेल्या डबीवर मारला की बिस्किट आणि कौतुक. हळूहळू तो ठीकवाल्या डब्यांवरून नाक फिरवून पुढे जायला लागला. आज तर एकदाही चुकला नाही. मास्तर म्हणाले, "इतक्या लवकर शिकणारा पहिलाच बघतोय. वास फार ठळक असणार." हे म्हणताना त्यांनी भुवई जराशी वर केली. कौतुकानेच असणार.

१४ मार्च

मुनीम कामाला लागला!

भुंगी क्लासहून आली, चेहरा पांढराफटक. मी हातातली कढई टाकून धावले आणि तेवढ्यात मुनीमने माझ्या मांडीवर पंजा ठेवला. एकदा, दोनदा, तीनदा. सुई टोचली. अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली म्हणजे पडलेली. साखर दिल्यावर मी त्याला अख्खं बिस्किटांचं पाकीट दिलं. भुंगी म्हणाली, "पण पंजा तुला मारला त्याने. मी तर शेजारीच उभी होते."

"मोठ्या माणसाला सांगायला नको? शहाणा आहे तो."

२२ मार्च

याच्या नाकापुढे यंत्र काय करणार! आज भुंगीला यायला उशीर झाला. फोन उचलत नव्हती. मी गॅलरीतून रस्ता बघत होते आणि मुनीम आला, पंजा मारायला लागला. पोरगी दारातही नव्हती आणि याला कळलं! ती आल्या आल्या मी तिचं बोट धरलं. एकशे वीस आली. म्हणजे रस्त्यात पडली असणार आणि येईपर्यंत सावरली.

"आई, मी गल्लीच्या तोंडाशी असताना त्याला पाचव्या मजल्यावर वास येतो?"

"तुला काय माहीत त्याच्या नाकाचं?"

ती आणि तिचा बाप एकमेकांकडे बघत राहिले. या दोघांचं असं चाललेलं मला आवडत नाही.

२ एप्रिल

कारखान्यातून फोन आला. मी पास केलेला घाणा गिऱ्हाइकाने परत पाठवला. शोरूममध्ये भिंत आणि कपाट दोन वेगळे रंग दिसताहेत म्हणे. साहेबांचा आवाज चढलेला. मी "हो साहेब, बघते साहेब" करत असताना मुनीम पंजा मारायला लागला. फोन टाकला आणि न्हाणीघराचं दार बडवलं. भुंगी आत आंघोळ करत होती. डोक्याला फेस, अंगाला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, बोट पुढे केलं. एकशे पाच.

"झालं समाधान?" म्हणाली.

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. मुनीम चुकला म्हणायला मन धजत नाही. सुईही कधी चुकते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, हे तिला पोरंबाळं झाली की कळेल.

आणखी एक. बापलेकीने नवीन खेळ काढलाय. टोचायच्या आधी ती डोळे मिटून बसते आणि आकडा सांगते. "नव्वद." येतात एकशे चाळीस. बाप म्हणतो, "हरलीस, भांडी तुझी." मी दोघांनाही झापलं. आजाराचा कसला जुगार मांडलाय? आता माझ्यासमोर खेळत नाहीत.

१९ एप्रिल

हल्ली झोप लागते. मुनीम आहे म्हटल्यावर डोळा मिटतो. कारखान्यातली माझ्या हाताखालची बाई म्हणाली, डोळ्यांखालचा रंग उतरला तुमचा. रंगाच्या बाबतीत ती चुकत नाही, मीच शिकवलंय तिला.

२७ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय.

रविवार. दुपारी जेवून मी आतल्या खोलीत आडवी झाले, गाढ झोपले. भुंगी बाहेर टेबलाशी नकाशा गिरवत होती. मुनीम तिच्या पायाशी. पायाशी! तिच्या पावलावर डोकं ठेवून.

नवरा कामावरून आला तेव्हा भुंगी कागद सोडून टेबलावर रेघा ओढत होती. लांबच लांब रेघ, टेबल संपलं तरी हात हवेत पुढे. त्याने हाक मारली तर हसली आणि म्हणाली, "नदी इथून जाते." मान टेकलेली. मुनीम घोरत होता.

नवऱ्याने तिला बसतं केलं, साखरपाणी पाजलं. माझी झोप त्याच्या आवाजाने मोडली. बाहेर येऊन पोरीचे ते डोळे बघितले आणि मी किंचाळले. तेव्हा, तेव्हा कुठे मुनीम उठला आणि माझ्याकडे धावत आला. पंजावर पंजा, पंजावर पंजा. मी त्याला ढकलून दिलं. "आत्ता कळलं होय रे तुला?"

आणि नवरा! बायको ओरडतेय, पोरगी अर्धवट शुद्धीत, आणि हा खिशातला हातमोजा चढवून चिमट्याने कापड धरतोय, डबीत घालतोय. "मास्तरांनी सांगितलंय ना," म्हणाला. लिफ्टमध्ये माणसं अडकली तरी हा आधी पाना पुसून घेत असणार.

एकोणचाळीस होती. एकोणचाळीस.

२८ एप्रिल

मुनीमला गॅलरीत बांधलंय. काचेतून बघतो. बघू दे.

भुंगीला सांगितलं, कॉलेजचं विसर. ती टेबलावरच्या रेघा ओल्या फडक्याने पुसत राहिली.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. सांगितल्यावर मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. कुत्रा नापास झाला, माझा काय दोष? नंतर मात्र जेवण गेलं नाही.

१ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

मास्तर सकाळीच आले. भुंगी कालपासून मैत्रिणीकडे राहायला गेलीय. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून. मी मास्तरांना म्हटलं, "तुमचा कुत्रा परत घेऊन जा." ते म्हणाले, "आधी त्याची बाजू ऐकू."

त्यांनी नवऱ्याने घेतलेली रविवारची डबी मागितली. इतर डब्यांत ती मिसळून ठेवायला नवऱ्याला सांगितलं आणि स्वतः जिन्यात जाऊन उभे राहिले, म्हणजे कुठली कुठे ते त्यांनाही कळू नये. मुनीम आला, एकेक डबी हुंगत गेला. रविवारच्या डबीवरून नाक फिरवून सरळ पुढे. एकोणचाळीसची डबी! त्याच्या लेखी तिच्यात काहीच नव्हतं.

मग माझ्या जुन्या डब्यांपैकी एक ठेवली. लगेच पंजा.

मास्तरांनी त्या दोन डब्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाले, "ताई, हे तुमचे तुकडे. चिमट्याने घेतलेत?"

"नाही. हाताने."

"मी विचारलं होतं, दुसऱ्या कुणाचा हात लागला का म्हणून."

"दुसऱ्या कुणाचा नाहीच लागला. माझाच लागला."

मास्तर खेकसतील असं वाटलं. खेकसले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

मी म्हणणार होते, पोरीची. नवरा मध्येच बोलला, "लिफ्टची. लिफ्टवाल्याची बायको, आणि वीस वर्षं पाच मजले जिना चढतेय."

खरं आहे ते. आमच्या इमारतीतली लिफ्ट नवराच सांभाळतो आणि मी तिच्यात एकदाही पाय ठेवलेला नाही. मास्तरांनी माझ्या हातात कोरं कापड दिलं. आधी सोफ्यावर बसवलं, पंख्याखाली, तुकडा मुठीत. तो एका डबीत. मग दुसरा तुकडा दिला आणि म्हणाले, "आता लिफ्टने खाली जाऊन वर या."

"मी नाही जाणार."

"पोरीसाठी म्हणतोय."

गेले. दार बंद झालं तो आवाज अजून कानात आहे. चौथा, तिसरा. दोन मजल्यांच्या मध्ये ती खोकल्यासारखं काहीतरी करते. मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटले होते. वर आले तेव्हा मुठीतलं कापड ओलंचिंब होतं.

पुन्हा डब्या मांडल्या, पुन्हा मास्तर जिन्यात. मुनीम सोफ्याच्या डबीवरून पुढे गेला. लिफ्टच्या डबीपाशी थांबला आणि पंजा मारायला लागला, ठाक ठाक ठाक, आणि चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिला. शाबासकीची वाट बघत.

भुंगी कालपासून घरात नव्हती. त्या कापडाला तिचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, "कुत्रा चुकला नाही, ताई. ज्या ज्या वेळी पोरीची साखर पडली, त्या त्या वेळी तुम्ही घाबरलात. त्याला दोन्ही वास एकाच डबीत मिळाले. तुमचा जास्त ठळक होता, त्याने तो धरला. पोरीचा बारीक वास त्याच्याखाली दबून गेला. त्याच्याकडे लक्ष द्यायची गरजच पडली नाही त्याला. बिस्किट तर मिळतच होतं."

"पण तो बरोबर सांगायचा की! किती वेळा..."

"तुम्ही घाबरलात की सांगायचा. कधी कधी बोलाफुलाला गाठ पडायची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी गॅलरी, न्हाणीघर, अंधारातला रस्ता, सगळीकडे धोका शोधत धावले. आणि तो इमाने इतबारे सांगत होता, बाई, तुझ्यात आहे. मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

संध्याकाळी मुनीमला गॅलरीतून आत घेतलं. माझ्या हाताकडे बघून त्याने पंजा उचलला आणि परत खाली ठेवला. मला रडू आवरलं नाही.

६ मे

परत आलेल्या घाण्याचा उलगडा झाला. मी जुळवला तेव्हा नमुने बघायच्या दिव्यांच्या पेटीतला, दिवसाच्या उजेडासारखा दिवा गेलेला होता, ट्यूबखालीच पास केला. ट्यूबखाली भिंत आणि कपाट एक. दुपारच्या उजेडात दोन. माझ्या हाताखालच्यांना मीच सांगत असते, दिवा बदलून बघितल्याशिवाय दोन गोष्टी एक आहेत म्हणू नका.

पोरगी आणि मी. कुठल्या दिव्याखाली बघत होते मी?

१० मे

भुंगी घरी आलीय. मास्तरांचं सगळं तिला बापाने सांगितलं असणार. मुनीमच्या गळ्यात हात घालून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तू आईचा रिपोर्ट देत होतास?" मला हसू आलं आणि रागही.

मास्तर म्हणतात, मुनीमला पुन्हा शिकवता येईल, पण वर्ष लागेल. "शिकलेलं पुसत नाही. त्याच्यावर दुसरं गिरवावं लागतं."

मी भुंगीला म्हटलं, "मग एक वर्ष थांब."

"माझी परीक्षा घे," ती म्हणाली. "मुनीमची घेतलीस तशी. पास झाले तर जाईन, नाही तर थांबेन. पण परीक्षा माझी, त्याची नाही."

"कसली परीक्षा? तुला कळतच नाही तर..."

"पूर्वी कळायचं नाही."

तो आकड्यांचा खेळ! डॉक्टरीणबाईंनीच तिला सांगितला होता तो. अंदाज करायचा, मग टोचायचं, चूक किती ते बघायचं, अंगात तेव्हा काय होत होतं ते आठवायचं. परत करायचं. मुकादमाच्या नऊ पट्ट्यांसारखंच. आणि मी त्याला जुगार म्हणून बंद पाडलं होतं. दोघं लिफ्टच्या यंत्रखोलीत, गच्चीवर, जिन्यात लपून खेळत होते. माझ्याच घरात माझ्यापासून लपून.

अट तिने घातली: ती असेल त्या खोलीत मी बसायचं, पण विचारायचं नाही, बघायचं नाही. आणि मुनीमने मला पंजा मारला की मी खोलीबाहेर जायचं.

"मला माझ्याच घरात बाहेर काढणार?"

"त्याच्या सांगण्यावरून. मी नाही."

१८ मे

आज चार वेळा बाहेर गेले. एकदा तर ती नुसती शिंकली होती.

३० मे

अंदाज शहाण्णव, सुई एकशे एक. अंदाज दीडशे, सुई एकशे साठ. पण हे वरचे झाले. पडलेले ओळखले पाहिजेत. पडायची वाट बघायची, हे असलं आईपण कुणाच्या वाट्याला येऊ नये.

८ जून

रविवार, तीच दुपारची वेळ. ती टेबलाशी नकाशा गिरवत होती, मी शिवण घेऊन कोपऱ्यात, मुनीम माझ्या पायाशी.

तिचा हात मंदावला असं मला वाटलं. पेन्सिल एकाच जागी. मी मान खाली घातली. टाका चुकला, उसवला. छातीत ढोल वाजायला लागला. मुनीमने डोकं वर केलं, माझ्याकडे बघितलं आणि पंजा मांडीवर ठेवला.

त्या क्षणी खोलीबाहेर जाण्याइतकं कठीण मी आयुष्यात काही केलेलं नाही. लिफ्ट काहीच नाही त्याच्यापुढे. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मनात म्हटलं, गेली पोरगी, आणि मी इथे भांडी बघत उभी आहे. मुनीम मागे येऊन पुन्हा पंजा. "हो रे बाबा, कळतंय मला," मी त्याला म्हटलं. बाहेर सामसूम. नवरा दारात उभा होता. त्याने हात आडवा धरला होता, मला अडवायला, पण माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्याही कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितला मी तो.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"आई, पडतेय. पासष्टच्या आत असेल."

एकसष्ट होती. आम्ही पोचेपर्यंत ग्लुकोजची गोळी तिच्या तोंडात होती.

बरं वाटल्यावर मी विचारलं, "कशावरून कळलं तुला?"

"घड्याळाची टिकटिक मोठी होते. नावं वाचते पण डोक्यात शिरत नाहीत. आणि तुझा राग येतो."

"माझा? मी काय केलं?"

"तेच तर. नेहमी राग येतो तेव्हा काहीतरी कारण असतं. हा बिनकारणाचा असतो. दोन्ही वेगळे आहेत हे कळायला खूप दिवस लागले."

"मग इतकी वर्षं का नाही कळलं?"

ती माझ्या शिवणीतला गुंता सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू माझ्याआधी घाबरायचीस, आई. तुझंच इतकं मोठ्याने ऐकू यायचं की माझं काही ऐकूच यायचं नाही."



२१ जून

आणखी दोनदा पडली, दोन्ही वेळा तिने आधी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाऊ द्या. मास्तर म्हणाले, जाऊ द्या. नवऱ्याने तिची ट्रंक खाली काढली आणि बिजागऱ्यांना तेल घालून ठेवलं.

मी म्हटलं, मुनीमला घेऊन जा निदान. सोबत.

भुंगी म्हणाली, "तो इथेच राहू दे. त्याचं पेशंट इथे आहे."

५ जुलै

गेली.

बस सकाळची होती. खाली जाताना ती म्हणाली, "लिफ्टने चल ना." तिच्याबरोबर लिफ्टने उतरले. ती मध्ये खोकली तेव्हा (लिफ्ट, भुंगी नव्हे) पोरीने माझा हात धरला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. बरं केलं. बस सुटताना मी विचारणार होते, किती आहे आता? तोंडावर आलेलं गिळलं. खिडकीतून ती म्हणाली, "एकशे दहा, अंदाजे." ओळखते मला.

वसतिगृहात तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला फोनवरून सगळं समजावलंय, गोळ्या कुठे, इंजेक्शन कुठलं. दिवेलागणीला पोचल्यावर कळवते, असं भुंगी म्हणाली होती.

दिवेलागण झाली. नाही कळवलं. आणखी वेळ गेला. खाली मुलं खेळून घरी गेली. मी फोन हातात घेऊन सोफ्यावर बसले होते. रस्त्यातच पडली असेल. बसमध्ये झोपलीय असं लोकांना वाटत असेल. दुभाजकावर चपलेचा पट्टा काढत असेल. बोट तिच्या नावावर होतं, दाबलं की लागलाच फोन.

मुनीम उठला, आला, मांडीवर पंजा ठेवला. एकदा. दोनदा.

पूर्वी या पंजाने मी उठून पळाले असते. पण पळायला कुणाकडे? घरात दुसरं कुणीच नव्हतं. नवरा कामावर. पोरगी इथे नाही. डबीत आता एकच वास होता.

"बरोबर आहे तुझं," मी त्याला म्हटलं. "माझंच आहे ते." आणि उठून त्याला बिस्किट दिलं. बरोबर सांगितलं तर द्यायलाच हवं.

फोन टेबलावर उपडा ठेवला. डोळे मिटून बसले, ती बसायची तसं. छातीत काय चाललंय ते ऐकलं. हे भीतीचं. हे तिच्या साखरेचं नाही. तिच्या साखरेचं मला इथून काही कळू शकत नाही, ते तिला कळतं. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, पाढा घोकल्यासारखं. मध्ये उठून झाडांना पाणी घातलं. पोळ्या टाकल्या, तीन माणसांच्या टाकल्या, मग तिसऱ्याच्या बाजूला काढल्या. ही वही घेतली आणि लिहायला बसले.

आत्ता फोन वाजला. तिचा निरोप: "बस बंद पडली होती, आत्ता पोचले. अंदाज ऐंशी, सुई ब्याऐंशी. जेवायला चाललेय. तुझा किती?"

माझा किती? सांगायला मुनीमला हाक मारणार होते. बघते तर तो दाराशी आडवा झालेला, चष्म्यासकट डोळे मिटून घोरतोय. मांडीवरचा पंजा त्याने केव्हाच काढला होता. फोन वाजायच्या कितीतरी आधी.